खोऱ्याभरचं टॉनिक प्यायलेलं झाड

त्या सकाळी मी अंड्यांची टरफलं शोधत होते. ऐकायला वेडगळ वाटेल, पण जिच्या परसात टोमॅटो आहेत तिला टरफलांची किंमत विचारा. ओट्याखालच्या डब्यात मी ती साठवते, आणि गेले कित्येक दिवस तो डबा रिकामाच सापडत होता. सफरचंदाच्या व्हिनेगरची मोठी बाटलीसुद्धा तळाला गेलेली. आणि माझा नवरा लायल, जो लग्न झाल्यापासून सकाळी ओटची खीर खाऊन गप्प बसतो, तो हल्ली रोज ऑम्लेट मागत होता. तेही तीन अंड्यांचं.

"डॉक्टरनं तुला काय सांगितलंय?" मी तव्यावरून विचारलं.

"अंडी चांगली असतात म्हणे आता. संशोधन बदललं."

"कुणी बदललं?"

"त्यांनीच," लायल म्हणाला आणि कॉफीत डोकं घातलं.

मी पुढे काही विचारणार, तेवढ्यात मागचं दार वाजलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. आमच्या खोऱ्यात दार कुणी वाजवत नाही. लोक कुंपणापासूनच हाका मारत येतात, म्हणजे आतल्याला पँट चढवायला वेळ मिळतो. दार वाजलं म्हणजे एक तर परका माणूस, नाहीतर काहीतरी बिनसलंय.

दारात ओलेटा उभी होती. नदीत डुंबून थेट आलेली, पांढरे केस ठिबकताहेत, फ्लॅनेलच्या शर्टावर टॉवेल, पाय अनवाणी. एका तळहातावर तिनं गांजाचं पान धरलं होतं, घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसं.

"बघ गं," ती म्हणाली, "याला काय झालंय?"

मला हसूच फुटलं. ओलेटानं मला विचारायचं! भटजीनं यजमानाला मंत्र विचारावा तसं झालं हे. पण ती हसली नाही. ओलेटा हसली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. तिकडे लायल ताडकन उठला आणि "पंप बघून येतो" म्हणत पुढच्या दारानं पसार झाला. पंप उत्तम चालू होता. मला इथपर्यंत ऐकू येत होता.

ओलेटा कोण हे सांगायला हवं. हम्बोल्ट जिल्ह्यातल्या या डोंगरात ती वर्षानुवर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची. लांबडी हिरवी गाडी, आत पुस्तकांच्या फळ्या, वळणावर प्रत्येक वेळी कादंबऱ्यांचा एक कप्पा खाली येणार आणि ओलेटा गाडी न थांबवता त्याला शिव्या देणार. तेव्हा गांजा बेकायदा होता, झाडं लपवायचे दिवस होते. वर पोलिसांची हेलिकॉप्टर घिरट्या घालायची आणि आपल्या बागेत काय आहे हे माणूस सख्ख्या भावालाही सांगत नसे. आता घरटी सहा झाडं उघड्यावर लावता येतात, जत्रेत त्यांना बक्षिसाच्या फितीही मिळतात. पण तेव्हा आजारी झाड घेऊन जायचं कुणाकडे?

तर लोक पुस्तक परत करताना त्यात एक पान ठेवून द्यायचे. बागकामाच्या पुस्तकात कुणी ठेवत नसे, संशय येईल म्हणून. ठेवायचे ते स्वयंपाकाच्या नाहीतर खुनाच्या पुस्तकात. ओलेटा दुपारी नदीकाठी गाडी लावून डबा खायची आणि ती पानं उजेडात धरून बघायची. गाडीत शेतीची जेवढी पुस्तकं होती तेवढी तिनं या पानांपायी वाचून काढली. पुढच्या फेरीला खिडकीतून हळूच निरोप यायचा, "खुनाच्या पुस्तकवाल्याला म्हणावं, कोंबडीखत थांबव. आणि केकच्या पुस्तकवालीला सांग, पान ताजं ठेव. मेलेल्याची नाडी मी कशी बघू?"

पुढे लपवाछपवी संपली, ओलेटा निवृत्त झाली, तेव्हा लोक तिला थेट बागेत न्यायला लागले. ती आली की आधी झाडाकडे बघतसुद्धा नसे. मातीची चिमूट घेऊन बोटांत चोळायची, डोळे मिटून हुंगायची. "रानाचा वास येतोय, छान," किंवा "शी, गटार केलंयस याचं." मग विचारायची, "याला काय काय घातलंस?"

"काही नाही!" प्रत्येक जण म्हणायचा.

"काही नाही म्हणजे किती?"

आणि मग हळूहळू बाहेर यायचं. वटवाघळांचं खत, मग मळी, मग कुणाच्या मेहुण्यानं सांगितलेलं आणखी काहीतरी. ओलेटाचं म्हणणं एकच. माती जिवंत आहे, तिच्यात गांडुळं आहेत, बुरशीचे धागे आहेत, ते सगळे मिळून स्वयंपाक करतात. आपण शिधा द्यायचा आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं. "आणि झाड फुलावर आलं की त्याची भूक बदलते," ती म्हणायची. "तेव्हा नत्र कमी लागतं. पण तुम्ही म्हणजे नवरीला बोहल्यावर चढेपर्यंत लाडू कोंबणारी माणसं!"

एवढं करून घ्यायची मात्र काही नाही. "माझं घर लहान आहे, आभार ठेवायला जागा नाही," असं म्हणून हसायची. कुणी तिच्या पायरीवर जॅमची बाटली ठेवली तर दुसऱ्या दिवशी आपल्या पायरीवर दोन बाटल्या. एकदा आम्ही तिच्यासाठी लाकडं फोडून रचून आलो. संध्याकाळी ती आमची गाडी धुऊन गेली. वर्षानुवर्षं सगळं खोरं तिच्या देण्यात बुडालेलं, आणि फेडायची सोयच नाही.

तर ही ओलेटा माझ्या टेबलाशी बसली आणि लायलचं ऑम्लेट खाऊ लागली.

"मी एकच झाड लावते, तुला माहीतच आहे," ती म्हणाली. "जुन्या टबात. यंदा म्हटलं जत्रेला पाठवू, मरायच्या आधी एक फीत मिळाली तर बघू. आणि ते मला वेड लावतंय. एकदा बघते तर नत्र जास्त. बरं म्हटलं, असेल. मग बघते तर मॅग्नेशियम कमी. माझ्या मातीत? मग वरची कोवळी पानं पिवळी, म्हणजे लोह कमी. मग कडा जळल्या. एका झाडाला एवढे आजार एकदम होत नाहीत गं. मी काहीच घातलेलं नाही."

"काही नाही म्हणजे किती?" मी विचारलं.

आता मात्र ती हसली. पण लगेच काटा खाली ठेवला. "माझी नजर गेली बहुतेक. नाहीतर डोकं. एमेटचा वाफा बघायला जायचं होतं, त्याला नाही म्हणून सांगितलं. चुकीचं काही सांगून बसले तर त्याचं वर्षाचं पीक जाईल. शनिवारी खोऱ्याच्या हॉलवर सगळे नाश्त्याला जमले की सांगून टाकते, आता मला विचारू नका. ते झाडही उपटून टाकते."

मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

तिचा टब स्वयंपाकघरामागे आहे, वाघाच्या पंजासारखे पाय असलेला, पूर्वी कुठल्यातरी हॉटेलातला. त्यातून झाड माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. फुलोरा सुरेख, पांढऱ्या केसांचे गुच्छच्या गुच्छ. पण पानं! खालची जुनी पानं शिरांमध्ये पिवळी आणि शिरा हिरव्यागार, जणू कुणी नकाशा काढलाय. मधली पानं बाटलीसारखी काळपट हिरवी, टोकं खाली वळलेली, घारीच्या नख्या. शेंड्याची फिकट. आणि कुठेकुठे कडा करपलेल्या, विस्तवाजवळ ठेवलेल्या कागदासारख्या. हे एक झाड नव्हतंच, दवाखान्याबाहेरची रांग होती.

मी वाकले आणि मला धक्काच बसला.

"ओलेटा, याला केवढा वास येतोय!"

"कसला?"

"कसला म्हणजे? कोंबड्यांचं खुराडं, समुद्र आणि..." तिसरा वास मी ओळखला आणि तोंड मिटलं. सफरचंदाचं व्हिनेगर. माझंच.

ओलेटा टबाच्या काठावर बसली. "मला वास येत नाही," ती म्हणाली. "वसंतात ताप आला होता ना, तेव्हापासून. कॉफीचा नाही, मातीचा नाही. कुणाला सांगितलं नाही मी. म्हटलं येईल परत."

तिचा चेहरा बघून मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात टरफलांचा रिकामा डबा, ऑम्लेट आणि तो बिचारा पंप एका रांगेत येऊन उभे राहिले, आणि पोटात हसू उसळायला लागलं.

"उपटू नकोस," मी म्हटलं. "उद्या नेहमीसारखी टॉवेल घेऊन नदीकडे नीघ. आणि वळणावरून माघारी फीर. मी तुझ्या घेवड्याच्या मांडवामागे असेन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या मांडवामागे उकिडव्या बसलो, मध्ये कॉफीचा थर्मास. फार वाट बघावी लागली नाही. आधी आला एमेट. हा पूर्वी लाकूडतोड्या होता, अजूनही इतका रुंद की दारातून आडवा होऊन आत येतो. त्याच्या हातात पिठाची चाळणी. इकडेतिकडे बघून तो टबापाशी गेला आणि चाळणीला टिचक्या मारत राख भुरभुरवू लागला, केकवर साखर पेरावी तशी. वर गुणगुणतही होता.

ओलेटानं माझा दंड एवढा आवळला की पुढे आठवडाभर निळा होता.

पावलं वाजली तसा एमेट लाकडांच्या ढिगामागे दडला. मेरिबेल आली, हातात चहाची किटली आणि किटलीला तिनंच विणलेली लोकरीची टोपी. मेरिबेलच्या कोंबड्या खोऱ्यात प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या खताचा तिनं केलेला काढा त्याहून. तिनं तो टबात असा ओतला, जणू मंडळी चहाला बसलीत. मग पुन्हा पावलं. मेरिबेलही धावली ती त्याच ढिगामागे.

"आई गं!"

"शूऽऽ, मी आहे!"

"तू इथे काय करतोयस?"

"तू काय करतेयस?"

तिसरा थॅड. याची मासेमारीची होडी आहे आणि समुद्रात सगळ्यावर उपाय आहे असा त्याचा विश्वास. खांद्यावर समुद्रशेवाळाच्या पाण्याचा कॅन. ढिगामागून कुजबुज ऐकून तो थबकला, तोच कुंपणाच्या फटीतून माझा नवरा आत शिरला. घरातल्या सपाता, हातात लोणच्याची बरणी. थॅडकडे त्याचं लक्षच नाही. तो टबापाशी गुडघे टेकून बसला आणि आमच्या पोराबाळांशीही कधी बोलला नसेल इतक्या लाडानं म्हणाला, "पी हो राजा, पी. हे घरचंच आहे."

माझा संयम तिथं संपला. मी मांडवामागे आडवीच झाले. पण तोवर ढिगामागची दोघं बाहेर आली होती आणि टबापाशी भांडण जुंपलं होतं, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

"म्हणजे तू जाळलंस हे!" मेरिबेल थॅडवर तुटून पडली. "मी म्हणतेय इतका चांगला काढा घालूनही हे सुधारत का नाही!"

"तुझ्या काढ्यानंच नख्या वळल्यात त्याच्या!"

"हॉलवर ती म्हणाली होती, झाड जरा थकलंय," एमेट मध्ये पडला. "मला वाटलं, राखेनं तरतरी येईल."

"प्रत्येकाला तेच वाटलं की काय?" लायल म्हणाला. त्याच्या सपाता चिखलात रुतल्या होत्या.

"प्रत्येकाला तेच वाटलं," मांडवाकडून आवाज आला.

ओलेटा बाहेर आली. सगळे असे उभे राहिले, जणू वाचनालयाचं पुस्तक पाण्यात पाडलंय. मला वाटलं ही आता रागावणार. ती टबापाशी गेली, एक काळपट पान तोडलं, वर धरलं.

"टोकं खाली. रंग बाटलीचा. फुलावर आलेल्या झाडाला नत्राचा मारा. कोण?"

मेरिबेलनं किटलीसकट हात वर केला.

"हे मी ओळखलं होतं!" ओलेटाचा आवाज चढला. मग जुनं पान. "शिरा हिरव्या, मध्ये पिवळं. मॅग्नेशियम मातीत आहे, पण कुणीतरी दारात आडवा उभा राहून त्याला आत येऊ देत नाहीये. दारात कोण? चुना. कुणाचा चुना?"

"अंड्यांची टरफलं," लायल पुटपुटला. "व्हिनेगरात विरघळवून. म्हटलं हाडं मजबूत होतील."

"झाडाला हाडं नसतात, लायल."

"मला तसं सांगायला हवं होतं कुणीतरी," माझा नवरा म्हणाला.

"शेंड्याची कोवळी पानं फिकी," ओलेटा आता जवळजवळ नाचत होती. "राखेनं मातीतली आंबटाई मारली. आंबटाई गेली की लोह कुलपात. एमेट, चाळणी कुणाची आहे ती?"

"बायकोची. तिला सांगू नका."

"आणि कडा करपलेल्या! हे मीठ आहे. थॅड, शेवाळ धुतलं होतंस का?"

"धुतलं की त्यातला जोर जातो," थॅड बाणेदारपणे म्हणाला. "आणि ते नैसर्गिक आहे."

"मीठही नैसर्गिकच असतं, बाबा!"

आणि मग ओलेटानं दोन्ही हात वर केले आणि अनवाणी पायांनी टबाभोवती एक गिरकी घेतली. "मी बरोबर होते! प्रत्येक वेळी! माझी नजर गेलेली नाही, तुम्हीच बदमाश आहात!" असं म्हणत तिनं एमेटच्या गालाचा मुका घेतला. एमेटच्या हातातली चाळणी हलली आणि उरलेली राख दोघांवर पडली. ते बघून थॅड हसायला लागला, थॅडला बघून मेरिबेल, आणि मग कुणालाच उभं राहवेना. मेरिबेल लाकडांच्या ढिगावर बसली, ढीग घसरला, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

डोळे पुसत ओलेटानं वासाचं सांगून टाकलं. मला सांगितलं होतं तसंच, तापापासूनचं.

"आम्हाला का नाही सांगितलंस?" मेरिबेलनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही नाकाचं औषध करून आणलं असतं."

थॅडनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"एमेट, तुझा वाफा मी दुपारी बघते," ओलेटा म्हणाली. "ही बरोबर येईल. ही हुंगेल, मी बघेन." ही म्हणजे मी. मला विचारलं नव्हतं, पण मी केव्हाच मान डोलावली होती.

"आणि हे?" एमेटनं टबाकडे बोट दाखवलं. "हे जगेल का? का आम्ही मारलं?"

ओलेटानं माती चिमटीत घेतली, सवयीनं नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, खुराडं, समुद्र, व्हिनेगर. तिनं बोट खोल खुपसलं, एक गांडूळ वर काढलं, ते वळवळलं तसं त्याला हळूच परत ठेवलं. "जगेल," ती म्हणाली. "गांडुळं अजून पळून गेलेली नाहीत. टबाला खाली भोक आहे, वरून भरपूर पाणी सोडलं की मीठ आणि तुमचे काढे वाहून जातील. राख राहील थोडी, पण तिचं माती बघून घेईल. जिवंत मातीला असं धुणं मला आवडत नाही, पण इथे दुसरा मार्ग नाही. मग वर पालापाचोळा अंथरायचा आणि कुणीही हात लावायचा नाही. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, ते तसंच राहील. फुलं मात्र वाचतील. जत्रेचं काय ते परीक्षक बघतील."

"आम्ही काय करू?" लायल म्हणाला. "काहीतरी सांग. कधीतरी काहीतरी सांग, ओलेटा."

"हो ना," मेरिबेल म्हणाली. "तू घेत नाहीस काही, म्हणून तर आम्हाला चोरून यावं लागलं."

ओलेटा नेहमीचं वाक्य बोलायला निघाली. घर लहान आहे, हे तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग तिनं घराच्या कोपऱ्यावरच्या टाकीकडे पाहिलं. ऑगस्ट संपत आला होता, आणि आमच्याकडे उन्हाळाभर पाऊस नसतो. टाकीवर बोट वाजवलं असतं तर ढोलासारखी वाजली असती, आणि तिच्या बोअरच्या पाण्यात आधीच चुना इतका, की किटलीच्या तळाशी खडू जमतो. राखेनं पांढरी झालेली भुवई तिनं मनगटानं पुसली.

"पावसाचं पाणी तुमच्या टाक्यांत थोडं उरलं असेल," ती म्हणाली, "तर प्रत्येकी मला एक बादली आणून द्या. साधं पाणी. त्यात काही घालू नका."